विष उतरेपर्यंत

७ जानेवारी २०२५, मंगळवार

हे कामाचं रजिस्टर. डावीकडे जागा, मधे औषध, उजवीकडे शेरा, असे तीन रकाने छापलेले आहेत. मागची पानं कोरी राहिली होती म्हणून घरी घेऊन आलो. आजपासून रकाने न बघता आडवं लिहिणार. शाळा सुटल्यापासून कामाव्यतिरिक्त चार ओळी लिहिलेल्या नाहीत, त्यामुळे कोणी वाचलंच तर हसू नये. वाचणार कोण म्हणा. घरात मी एकटा.

आजची जागा: घाटकोपर पश्चिम, फरसाणच्या दुकानावरचा पहिला मजला, गेमिंग कॅफे. झुरळं. मालक चंद्रप्रकाश, माझ्यापेक्षा पाचेक वर्षांनी मोठा असेल. म्हणाला, "कीबोर्ड उलटा केला की अख्खी फॅमिली बाहेर पडते. फवारा मारून टाक ना एकदाच." त्याला समजावलं. फवाऱ्याने दिसतील तेवढी मरतात, बाकीची भिंतीत शिरतात आणि आठ दिवसांत परत हजर. इथे जेल लावायचं. मोहरीएवढा ठिपका, फटीच्या तोंडाशी. झुरळ ते खातं, चालत घरी जातं आणि तिथे मरतं. त्याला बाकीची खातात, तीही मरतात. आपण तिथे उभं राहायची गरज नाही. फक्त वेळ द्यावा लागतो, आणि मधेच कोणी घाईने फवारा मारला की सगळं मुसळ केरात.

अठरा वर्षं हेच करतोय. घाईचं काम फवाऱ्याचं, मुक्कामाचं काम जेलचं. हे वाक्य माझं स्वतःचं आहे, कुठे वाचलेलं नाही.

संध्याकाळी सपनाचा मेसेज आला. "नाशिकच्या दुकानाचं विचारतायत. १५ फेब्रुवारीपर्यंत हो-नाही कळवायचंय." सपना माझी बायको. चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचं काम करते, त्यांची नाशिकला नवीन शाखा निघतेय. १९ नोव्हेंबरपासून ती मुलुंडला आईकडे आहे. दहा दिवसांसाठी म्हणून गेली होती. का गेली ते तिलाच माहीत. बारा वर्षांच्या संसारात मी तिच्यावर आवाज चढवला नाही, हात उगारणं तर लांबच. उलट ती गेली त्याआधीचे तेवीस दिवस मी तिला स्वतःहून एक शब्दही बोललो नव्हतो.

मेसेजला अंगठा पाठवला.

१० जानेवारी, शुक्रवार

कॅफेत तपासणीला गेलो. फटींतलं जेल खाल्लेलं दिसलं, म्हणजे काम चालू आहे. दुपारच्या दोन कामांमध्ये तीन तास मोकळे होते. विक्रोळीला घरी जाऊन करायचं काय? कन्नमवार नगरातलं माझं घर दुपारी इतकं शांत असतं की फ्रिज चालू झाला की दचकायला होतं.

चंद्रप्रकाश म्हणाला, बस, खेळ, तीन नंबरची खुर्ची रिकामी आहे. गेमचं नाव इंग्रजीत, लांबलचक आहे. इथे सगळे त्याला नुसतं 'किल्ला' म्हणतात. जगभरातले लोक एकाच वेळी त्यात असतात, चौघांची टोळी करून एकेक दरवाजा जिंकायचा. सुरुवातीला माणूस निवडायचा असतो. तलवारवाला, आग टाकणारा, जखमा बऱ्या करणारा. एक विषवाला होता. त्याच्या कमरेला कुप्या होत्या. मी अजिबात विचार केला नाही.

शेजारच्या खुर्चीवरची मुलगी हसली. श्रुतिका नाव, भांडुपची, पवईच्या कॉल सेंटरमध्ये संध्याकाळची ड्युटी, त्याआधी रोज इथे येते. म्हणाली, "दादा, पहिल्यांदा खेळतोयस आणि डॉटवाला घेतलास? वाट लागणार तुझी." असल्या विषाला हे लोक डॉट म्हणतात. तलवारीचा घाव एकदाच बसतो, मोठा. विष लावलं की दर दोन सेकंदांनी समोरच्याचं थोडं थोडं रक्त कमी होत राहतं, अठरा सेकंद.

मी म्हटलं, ताई, हे मला शिकवू नकोस.

१४ जानेवारी, मंगळवार

शिकावं लागलं.

दोन तास मी दिसेल त्याला विष लावत सुटलो आणि शेवटी आलेल्या यादीत सगळ्यांत तळाला माझं नाव. श्रुतिकाने कारण सांगितलं. बारकी भुतं चार सेकंदांत मरतात. माझं विष अठरा सेकंदांचं. म्हणजे ती मरतात तलवारीने, आणि माझी कुपी फुकट. "जो मरायलाच टेकलाय त्याला विष लावून काय फायदा? जो टिकणार आहे त्याला लाव." मला माझीच लाज वाटली. हे तर मी रोज गिऱ्हाइकांना सांगतो.

टोळीतले चौथे सीताराम काका. वय सदुसष्ट. मूळचे मालवणकडचे, तरुणपणी गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर वॉचमनकी केली. आता मुलाच्या घरी राहतात. सून घरूनच ऑफिसचं काम करते, दुपारी तिच्या मीटिंगा असतात, घरात आवाज नको. म्हणून हे कॅफेत. जखमा बऱ्या करायचं काम ते करतात, चंद्रप्रकाश ढाल घेऊन पुढे उभा राहतो, श्रुतिका आग टाकते. काकांनी सगळ्यांना तिळगूळ दिला. मला म्हणाले, "गोड बोल रे. नायतर आमच्या अंगार विष टाकशीत."

घरी येऊन एक तीळवडी शिल्लक होती ती खाल्ली. सपना दरवर्षी करायची, तिच्या हातची कडक होते, दाताने फुटत नाही. तिला सांगितलं नाही कधी.

१७ जानेवारी, शुक्रवार

काही नाही. वरण जास्त झालं.

१९ जानेवारी, रविवार

आज मोठी चूक केली.

दुसऱ्या दरवाज्याशी सहा पहारेकरी असतात. सहाही एकदम अंगावर आले तर कोणी वाचत नाही, म्हणून श्रुतिका त्यातल्या चौघांना मंत्राने झोपवते आणि आम्ही दोघांशी लढतो. मला वाटलं, झोपलेत तर बरंच आहे, आत्ताच विष लावून ठेवू, उठेपर्यंत अर्धे मेलेले असतील. जेलवाल्याचं डोकं. चौघांनाही लावलं. दोन सेकंदांनी पहिलं टोचणं बसलं आणि चारही टुणकन उठले. झोप मोडायला एवढंसं पुरतं. पाच सेकंदांत आम्ही चौघं आडवे.

सीताराम काका म्हणाले, "मेल्या, निजलेल्या कुत्र्याक दगड कित्या मारलंस?"

श्रुतिका म्हणाली, "दादा, नियम लिहून घे. शांत झालेल्याला टोचायचं नाही." मग सगळे हसले, मीही हसलो. किती दिवसांनी हसलो ते मोजलं नाही. इथे माणूस चुकला की तोंडावर शिव्या देतात आणि पाच मिनिटांत चहा मागवतात. आमच्या घरी असं नव्हतं. माझे वडील रागावले की बोलणं बंद करत. एकदा आईशी चार महिने बोलले नव्हते, मधे आम्ही भाऊ निरोप पोचवायचो. पण भांडण म्हणून कधी शेजाऱ्यांनी ऐकलं नाही. ते फार शांत माणूस होते, सगळे तसंच म्हणतात.

२३ जानेवारी, गुरुवार

आज यादीत पहिला. तिसऱ्या दरवाज्याचा राक्षस आठ मिनिटं टिकतो आणि सारखं पळायला लावतो. पळताना तलवार चालत नाही, आगही टाकता येत नाही, पण आधी लावलेलं विष आपलं काम करत राहतं. संपायला येतं तेव्हाच परत लावायचं. फार आधी लावलं तर जुनं वाया, उशीर केला तर मधे खंड. अख्खी आठ मिनिटं मी एकदाही खंड पडू दिला नाही. श्रुतिका म्हणाली, "झकास, जेलदादा." आता सगळे मला जेलदादाच म्हणतात.

घरी येताना वाटेत इतका खूश होतो की कोणाला तरी सांगावंसं वाटलं. दार उघडलं. दिवा लावला. सांगायला कोणी नव्हतं.

भात टाकताना सवयीने दोघांचा टाकला.

सपनाचा मेसेज: "बोलायचं असेल तर सांग."

मला काय बोलायचंय? बोलायचं तर तिने. लिहूनच टाकतो, म्हणजे उद्या कोणी म्हणायला नको की प्रितमचं डोकं विनाकारण फिरलं. दिवाळीच्या आधीच्या रविवारी तिच्या मामेबहिणीचा साखरपुडा होता, मुलुंडलाच. जेवताना नवऱ्याकडच्या एका बाईने तिला विचारलं, मिस्टर काय करतात? मी मागेच उभा होतो, हातात ताट. सपना म्हणाली, "केमिकलमध्ये आहेत." बाई म्हणाली, अरे वा.

केमिकलमध्ये. अठरा वर्षं मी लोकांच्या मोऱ्यांत पालथा पडून काम करतोय. माझ्या वडिलांनी महापालिकेचा झाडू हातात घेतला आणि कधी मान खाली घातली नाही. आणि माझ्या बायकोला माझ्या कामाची लाज वाटते. त्या रात्रीपासून बोलणं बंद केलं. तिने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही. तिने रोज विचारलं. रोज म्हटलं, काही नाही. जिला स्वतःहून कळत नाही तिला सांगून काय उपयोग? मी माझ्या जागी बरोबर होतो.

उत्तर पाठवलं नाही.

३० जानेवारी, गुरुवार

आज नवीनच गोष्ट कळली. तिसरा दरवाजा उघडून आम्ही परत निघालो. बाकी तिघांनी शेकोटीजवळ बसून जेवण करून घेतलं. या गेममध्ये बसून जेवलं की जखमा भरतात, आणि मगच घरी जायचा दरवाजा उघडतो. मला बसताच येईना. बटण दाबलं की लाल अक्षरांत यायचं: तुम्ही लढाईत आहात.

मी म्हटलं, कसली लढाई, इथे तर कोणी नाही. श्रुतिकाने विचारलं, "मागे कोणाला विष लावून आलास का?" आठवलं. वाटेत दरीपलीकडे एक अजगर होता, जाता जाता सहज एक कुपी फेकली होती. ती म्हणाली, "मग तो तिकडे तळमळतोय. अजगराच्या थंड अंगात विष पाच-सहा मिनिटं टिकतं. तुझं विष त्याच्या अंगात आहे तोपर्यंत तू पण लढाईतच. तो दिसू दे नाहीतर नको दिसू दे. बसता येणार नाही, जेवता येणार नाही, घरी जाता येणार नाही."

फालतू नियम आहे. मी त्याच्या जवळपासही नव्हतो. विष उतरेपर्यंत दारात उभा राहिलो आणि बाकीच्यांना जेवताना बघितलं.

सीताराम काकांनी निघताना विचारलं, "घरी कोण कोण असता?" मी म्हटलं, बायको, सध्या माहेरी आहे. "बरी हा ना?" बरी आहे म्हटलं. बरीच असेल.

४ फेब्रुवारी, मंगळवार

द्रौपदीमामींचा फोन. मामी म्हणजे सपनाची आई. बुलढाण्याकडच्या आहेत, मुंबईत चाळीस वर्षं काढली तरी आवाज शेतातलाच. म्हणाल्या, "ती नाशिकचं हो म्हणायला निघालीय. मी थांबवलंय. पंधरा तारखेच्या आत काय बोलायचं ते येऊन बोल. आमच्या घरात भांडी आपटतात, पण बोलतात बाबा."

मी हो म्हटलं.

ती नाशिकला गेली तर परत येणार नाही हे मला कळतं. कळत नाही असं नाही. आज दुपारी कॅफेत गेलो आणि किल्ल्यातल्या शेवटच्या, राणीच्या दरवाज्याची तयारी केली.

६ फेब्रुवारी, गुरुवार

नवीन कुपी मिळाली. विषाची मुदत अठरावरून सव्वीस सेकंद. कॅफेतल्या कोणाकडेच असली चीज नाही. चंद्रप्रकाशने कौतुकाने वडापाव मागवला.

शेवटचा दरवाजा रविवारी. तिथे एक राणी असते, शापाने वेडी झालेली. तिला मारायचं नसतं. रक्त विसावा हिस्सा उरलं की ती शुद्धीवर येते, गुडघे टेकते आणि किल्ली पुढे करते. त्यानंतर दहा सेकंद तिला कोणी हात लावायचा नाही. लावला तर ती मरते, दरवाजा बंद, आणि आठवडाभर परत जाता येत नाही. श्रुतिकाने मला तीनदा बजावलं: "अर्ध्यावर आली की तुझ्या कुप्या बंद. उरलेलं मी आगीने करते."

मी म्हटलं, मला विषाचं शिकवतेस?

९ फेब्रुवारी, रविवार

राणी मेली.

पहिल्यापासून लिहितो. अकरा मिनिटं सगळं बरोबर चाललं होतं. अर्ध्यावर आल्यावर श्रुतिका म्हणाली, थांब. पण आमचा वेग कमी पडत होता, सीताराम काका दमले होते, म्हणून मी आणखी दोनदा लावलं. शेवटचं लावलं ते अंदाज घेऊन. अठरा सेकंदांत उतरेल आणि मग ती गुडघे टेकेल, असा हिशोब होता. अठरा सेकंदांची इतक्या दिवसांची सवय. नवीन कुपी सव्वीसची आहे हे डोक्यातून गेलं.

तिने गुडघे टेकले. किल्ली पुढे केली. आम्ही चौघंही हात मागे घेऊन उभे. आणि ती तिथल्या तिथे कोसळली.

श्रुतिका ओरडली, कोणी मारलं? मी म्हटलं, मी नाही. मी हातही लावला नाही. मी तर नुसता उभा होतो. तिने माझी खुर्ची मागे ओढली आणि नोंदींचं पान उघडून दाखवलं. गेममध्ये प्रत्येक घावाची नोंद होते. शेवटच्या चार ओळींत माझंच नाव होतं, दोन-दोन सेकंदांच्या अंतराने. "तू थांबलास दादा, पण तुझं विष थांबलं नाही ना. महिन्याची मेहनत गेली. मी घसा फोडून सांगत होते."

चंद्रप्रकाश म्हणाला, जाऊ दे, पुढच्या रविवारी परत जाऊ. श्रुतिका म्हणाली, "सॉरी बोल आणि चहा पाज. विषय संपला."

सगळ्या कॅफेसमोर. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान मुलगी. मी काही बोललो नाही. पंप उचलला आणि निघालो.

१० फेब्रुवारी, सोमवार

कॅफेच्या ग्रुपवर सात मेसेज. वाचले. उत्तर दिलं नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

श्रुतिकाचा आवाजी मेसेज: "दादा, रागावलायस तर शिव्या दे ना यार. असं काय करतोस?" फोन उलटा ठेवला.

सबंध दुपार घरी होतो. फॅनकडे बघत पडलो. फार एकटं वाटलं, आणि मी माझ्या जागी बरोबर आहे या गोष्टीचाही आज काही आधार वाटला नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी साडेनऊला दार वाजलं. बघतो तर सीताराम काका. तीन मजले चढून आले होते, धाप लागली होती. पत्ता चंद्रप्रकाशकडच्या माझ्या पावतीवरून काढला. पाणी दिलं. ते बसले नाहीत, उभ्यानेच म्हणाले, "माका सांग. माझा काय चुकला?"

मला कळेना. म्हटलं, काका, तुमचं काय चुकणार?

"राणी मेली तेव्हा माझो हात उशिरा पडलो काय? मी दमलंय म्हणून तू विष लावलंस, माका ठाऊक हा. मी भरभर बरा करूक होया होता. म्हणून तू येणा सोडलंस ना? चार दिस झाले, मी पण कॅफेत गेलंय नाय. कसा तोंड दाखवू?"

दुपारी मग जाता कुठे, विचारलं. "बागेत बसतंय. रात्री झोप नाय. सून इचारता, काय झाला. तिका काय सांगू?"

मी म्हणालो, काही नाही काका, काही झालं नाही.

सवयीने तोंडातून गेलं. आणि समोर बघितलं तर त्यांचा चेहरा आणखी पडला होता. रागावलेला माणूस काही नाही म्हणतो, तेव्हा समोरच्याला काय वाटतं ते मी आज पहिल्यांदा उजेडात बघितलं. सदुसष्ट वर्षांचा म्हातारा. त्याचा या सगळ्याशी काडीचा संबंध नाही. मी रागावलो श्रुतिकावर, तेही माझी चूक तिने दाखवली म्हणून. आणि चार दिवस झोप गेली ती याची. तो स्वतःशीच शोधत बसला होता की आपण काय केलं.

मी त्यांना धरून खाली बसवलं आणि सगळं सांगितलं. कुपी सव्वीसची होती, मी विसरलो, चूक माझी, आणि सगळ्यांसमोर कबूल करायची लाज वाटली. काकांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. मग म्हणाले, "इतक्याच होता? मग त्याच दिवशी बोलाक काय झाला होता तुका?"

चहा केला. साखर विसरलो. त्यांनी तसाच प्यायला.

ते गेल्यावर श्रुतिकाला मेसेज केला: चूक माझी, सॉरी. तिचं उत्तर दोन मिनिटांत आलं. एक शिवी आणि "रविवारी ये."

मग बसून राहिलो. काकांचे चार दिवस. सपनाचे तेवीस.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

दोन कामं रद्द केली आणि मुलुंडला गेलो. मामींनी दार उघडलं. "आलास? मला वाटलं वाचाच गेली तुझी." आणि स्वयंपाकघराकडे हात केला.

सपना ओट्याशी मेथी निवडत होती. मी बसायच्या आधीच बोललो, नाहीतर राहिलंच असतं. म्हटलं, साखरपुड्यात त्या बाईला तू सांगितलंस की मी केमिकलमध्ये आहे. माझ्या कामाची तुला लाज वाटते. म्हणून बोलत नव्हतो.

ती काडी हातात धरून थांबली. "हे? ते सगळं या एका वाक्यासाठी?"

मग उठली, पर्स आणली आणि त्यातून माझं कार्ड काढून पुढ्यात ठेवलं. संकल्प केमिकल सर्व्हिसेस. "तूच छापलंस ना? पेस्ट कंट्रोल लिहिलं की सोसायटीवाले मागच्या जिन्याने पाठवतात, म्हणून. मी दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला हे देते. मुलुंडमधली चार कामं तुला गेल्या वर्षी कुठून आली वाटतं? त्या बाईला पण कार्डच देणार होते, तेवढ्यात तू तोंड फिरवून गेलास."

खरं आहे. २०१९ मध्ये मीच छापली आहेत. मी स्वतःच्या धंद्याचं नाव लपवलं होतं, आणि तिने ते वाचून दाखवलं म्हणून तिच्याशी बोलणं बंद केलं. म्हटलं, मला ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, "मला तरी कुठे ठाऊक होतं? मला वाटलं तुझं बाहेर काही आहे. मग वाटलं, मूल झालं नाही म्हणून असेल. मग वाटलं, माझ्या अंगाला वास येतो. दिवाळीत मी दिवसातून दोनदा आंघोळ करायचे प्रितम. तुझ्या लक्षात तरी आलं?"

आलं होतं. मला वाटलं होतं, सण आहे म्हणून.

"रोज विचारलं तुला."

हो.

"तू म्हणायचास, काही नाही."

मला रडू आलं. तिला नाही आलं. तिने मेथी पूर्ण निवडली, देठ कागदात गुंडाळले, आणि म्हणाली, "उद्या नाशिकचं काय ते कळवते. रविवारी जेवायला येईन. राहायला नाही." मामींनी बाहेरून विचारलं, बोललात का दोघं? सपना म्हणाली, बोलला.

१६ फेब्रुवारी, रविवार

श्रुतिकाला कळवलं की आज येत नाही, बायको जेवायला येतेय. तिने उत्तर पाठवलं, "राणी कुठे पळत नाही, तू घरी थांब."

सकाळी घर झाडलं, बांगडे आणले, तिरफळं घालून केले. काकांनी फोनवर सांगितलं तसे. बारा वाजता सपना आली. हातात फक्त पर्स. चपला दाराबाहेर काढल्या, पूर्वी आत काढायची. म्हणाली, नाशिकला नको म्हणून कळवलं. "तुझ्यासाठी नाही. आईचे गुडघे दुखतात, तिला टाकून कुठे जाऊ? इतक्यात मुलुंडहून हलणार नाही." मी म्हटलं, चालेल. खरंच चालेल असं वाटलं. काल रात्री मी यापेक्षा कमी मिळेल असं धरून झोपलो होतो.

जेवायला बसलो. मी बोलत होतो. आठवेल ते सांगत होतो, कॅफे, झुरळं, झोपलेले पहारेकरी, काकांचा तिळगूळ. तिच्या हातची तीळवडी दाताने फुटत नाही हेही सांगितलं, आणि ती थोडी हसली. सीताराम काका बागेत बसत होते ते सांगितलं तेव्हा हसली नाही. बांगडा आवडला, दुसरा तुकडा घेतला. मला इतका आनंद झाला की मी बोलता बोलता मोठा घास घेतला आणि त्यात काटा आला. मधला, जाड. जिभेने बाजूला घेत होतो, म्हणून गप्प होतो. दहा-बारा सेकंद झाले असतील.

वर बघितलं तर सपनाचा हात ताटात थांबलेला. मान खाली, खांदे आखडलेले. दुसऱ्या हाताने तिने मांडीवरची पर्स धरली होती.

"काय झालं?" तिने विचारलं. हळू आवाजात, दिवाळीत विचारायची तसंच.

मी घाईने काटा बोटाने काढला, तिच्यासमोर ताटाच्या कडेला ठेवला. काटा होता, म्हटलं. सपना, नुसता काटा होता गं. तिने काट्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. हो म्हणाली. पण घास उचलला नाही. मग मी पुन्हा बोलायला लागलो, जे तोंडाला येईल ते, बाजारात बांगडा कसा मिळाला, कोळीण काय म्हणाली, आणि बरंच बोलून झाल्यावर तिने पर्सवरचा हात काढला आणि जेवायला लागली.